सासूबाईंसाठी तीन पुस्तकं

६ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. ठीक आहे, काळजी नसावी. बाबा गेल्यापासून सहा महिने तुमच्या प्रत्येक कार्डावर एवढंच असतं, त्यामुळे आता आम्ही कार्ड न वाचताच वाचतो.

सोबत पार्सलने तीन पुस्तकं पाठवतेय. आमच्या दुकानात कोणी काहीतरी चांगलं सुचवा म्हणालं की मी एकाच जातीची तीन कधी देत नाही. एक इतिहासाचं, एक विज्ञानाचं, एक विनोदी. इतिहासाने डोकं जड झालं की विनोदी उघडावं, हसून दमलं की विज्ञानाकडे वळावं. अशाने गिऱ्हाईक परत येतं, असं आमचे मालकही आता मानू लागलेत.

इतिहासाचं पुस्तक माणसांनी सोडून दिलेल्या शहरांवर आहे. विज्ञानाचं प्राण्यांच्या घरांवर. विनोदी पुस्तकात एक म्हातारा एकटा राहतो आणि आरामखुर्चीशी भांडतो. मला तिन्ही आवडली. हे लिफ्टच्या दुरुस्त्यांमध्ये गुंतलेत, घरी येतात ते हाताला ग्रीस लावूनच.

वाचून काय वाटलं ते दोन ओळींपेक्षा थोडं जास्त लिहिलंत तर बरं वाटेल. कळावे, लोभ असावा.

तुमची सून


१७ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकं पोचली. मला काय दुधखुळी समजलीस?

सोडून दिलेली शहरं! का सोडली, तर पाणी आटलं, रस्ते दुसरीकडून गेले, तरुण मंडळी आधी निघाली आणि म्हातारे मागे राहिले. पुस्तक उघडलं तर नेमकं हेच पान समोर. तू दाबून ठेवलं होतंस की काय? मग तो शंखातला खेकडा. जुना शंख टाकून तो खुशाल दुसऱ्यात जातो म्हणे. पण सूनबाई, तो वाढतो म्हणून मोठ्या शंखात जातो. चार खोल्यांतून उठून तुमच्या दोन खोल्यांत शिरणारा खेकडा त्या पुस्तकात मला कुठे सापडला नाही. आणि आरामखुर्चीशी मी बोलत नाही, कारण आमच्याकडे आरामखुर्चीच नाही. शिवणाच्या मशीनशी बोलते असं तुला कोणी कळवलं असेल तर तो समोरचा औषधवाला. हल्ली माझ्या दारावरून जाताना मान तिरकी करून थांबतो. त्याचं लक्षण मला ठीक दिसत नाही.

चिरंजीवांच्या प्रत्येक पत्रात एकच पाढा असतो. घर बंद कर, शिवणाचं दुकान बंद कर, इकडे ये. मी दाद देत नाही म्हटल्यावर त्यांनी बायकोला पुढे केलं आणि बायकोने पुस्तकांना. कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढच्या खोलीतलं दुकान मी बंद केलेलं नाही. मशीन झाकलेलं आहे. झाकलेलं आणि बंद यात फरक असतो. तुझे सासरे सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी मशीनवर बसून एकेका बातमीला फाटे फोडायची. ते चिडायचे, मी शिवायची. आता फाटे फोडायला बातमी नाही, तर पायडलवर पाय चालत नाही. एवढंच आहे, त्याचा कोणी बाऊ करू नये.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही ते पुढचं पार्सल बघून ठरवीन.

तुझी सासू


२५ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

चार पानी पत्र! यांना वाटलं, दुसऱ्या कोणाचं चुकून आपल्याकडे आलं.

शपथेवर सांगते, पुस्तकं निवडताना माझ्या मनात काही नव्हतं. खेकडा आवडला म्हणून पाठवला. म्हातारे मागे राहिल्याचं पान मी दुकानातल्या प्रतीत शोधलं, तर ते तिथे खरंच होतं, आणि वाचताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. औषधवाल्याला मी ओळखत नाही.

पुन्हा गैरसमज नको म्हणून या वेळी अगदी निरुपद्रवी तीन निवडली आहेत. इतिहासात वेढा पडलेले किल्ले. विज्ञानात वाळवी. विनोदी पुस्तकात एक आई मुलाकडे आठ दिवस राहायला जाते. गठ्ठा बांधताना मालकांनी तिन्ही नावं वाचली आणि हे नक्की कोणासाठी, असं विचारलं. मी म्हटलं, घरच्याच माणसासाठी. त्यांनी सुतळीला एक गाठ जास्त मारली.

कळावे. लोभ आहेच असं धरून चालते.

तुमची सून


९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

किल्ल्यातल्या लोकांनी दरवाजा का उघडला, तर आतलं धान्य संपलं. माझे डबे भरलेले आहेत, तेवढं चिरंजीवांना कळव.

वाळवीचं पुस्तक संपवून मी कात्रीच्या मुठीने घरातली एकूण एक चौकट ठोकून पाहिली. एकही पोकळ नाही. मागच्या दाराची जरा हलते, पण ती तुझ्या लग्नाच्या आधीपासून हलते. ठोकाठोक ऐकून औषधवाला रस्ता ओलांडून धावत आला. मी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून आलास? दुकान उघडं टाकून आलो एवढं पुटपुटला आणि गेला. याचा अर्थ काय समजायचा?

खरा घोळ तिसऱ्या पुस्तकाने घातला. ती आई मुलाकडे जाते आणि आठव्या दिवशी मुलगा-सून पलंगाखाली लपून बसतात. म्हणजे मी येऊ नये? खेकडा म्हणतो ये, ही बाई म्हणते येऊ नको. आधी तुम्हा दोघांचं काय ते ठरवा. की त्याचं मत एक आणि तुझं दुसरंच? तसं असेल तर तुझं कोणतं ते स्पष्ट लिही, माझ्याशी खेकडे-वाळवीच्या भाषेत बोलू नकोस. पुस्तकाला मी हसले नाही. एकदाच हसले, ती बाई सुनेचे सगळे डबे उलटे मांडते तिथे. पण ते हसू पुस्तकाला होतं, तुला नव्हे.

कळावे. लोभ सध्या बाजूला काढून ठेवला आहे.

तुझी सासू


१८ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

दुकानात वर्षअखेरची मोजणी चालू आहे, म्हणून घाईत लिहिते. सोबत तिसरा गठ्ठा. इतिहासाचं पुस्तक तयार कपडे आल्यावर गल्लीबोळातल्या शिंप्यांचं काय झालं यावर आहे. विज्ञानाचं, वय झालं की डोळा आणि हात कसे मंदावतात यावर. विनोदी पुस्तकात एक शिंपी आहे, त्याचा एकही कपडा वेळेवर होत नाही आणि झाला तर मापात बसत नाही. तुम्हाला आवडतील असं वाटतं.

कळावे. लोभ बाजूला कुठे ठेवलाय ते विसरू नका.

तुमची सून


२७ मार्च

सूनबाईस,

आशीर्वाद या वेळी नाहीत. हद्द झाली.

हात मंदावतात काय? ते पान वाचलं आणि तशीच उठले, मशीनवरचं कापड ओढून काढलं. सुईखाली तुझ्या सासऱ्यांचा अर्धवट सदरा तसाच अडकलेला होता. बाही लावायची राहिली होती. तो दिसला आणि मी त्याच्या शिवणीवरून हात फिरवला. मग तुझ्या पुस्तकाची आठवण झाली आणि असा संताप आला की बाही लावली, दुसरीही लावली, कॉलर बसवली, खालची पट्टी दुमडली. सुई ओवायला चष्मा लागला नाही. दोरा तिसऱ्यांदा गेला, पण तो दोराच पिसाट होता.

उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर हाताने एक काज करून सोबत पाठवतेय. बघ. मालकांना दाखव. भिंगातून बघ. एक टाका जरी लहानमोठा सापडला तर मी आपण होऊन घराला कुलूप लावीन.

तुमचा डाव आता मला पुरता कळला. म्हातारी थकली हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मग सामान बांधायला यायचं. मी वदणार नाही.

कळावे.

तुझी सासू


५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

पुस्तकांवरून तुझं आणि हिचं बिनसलंय असं दिसतं. मी हिला म्हटलं, एखादं साधं, गोड पुस्तक पाठव. तसं एक होतंही, जुन्या समुद्रप्रवासांचं, रंगीत चित्रांचं. हिने हातात घेतलं आणि परत फळीवर ठेवलं. म्हणे, यावर आई नुसतं ठीक आहे लिहितील. रविवारी दुकानाला सुट्टी असते तरी ही किल्ली मागून आणते आणि तुझ्यासाठी पुस्तकं शोधत बसते. त्यातली चांगली तेवढी बाजूला ठेवते. मला तर काही कळत नाही. तुझं काज मात्र हिला फार आवडलं. ते बघताना डोळ्यांत पाणी आलं होतं हिच्या. आता दुकानात गल्ल्याशेजारी टाचून ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

ते जाऊ दे. तू इकडे यावंस हा माझा हट्ट कायम आहे. लिफ्ट बंद पडली तरी काळजी नको, मी आहे. कळावे, लोभ आहेच.

तुझा मुलगा


१२ एप्रिल

सूनबाईस,

तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, हे तुला एवढ्या वर्षांत कळलं नाही का?

चांगली पुस्तकं बाजूला ठेवतेस आणि टोचणारी निवडून पाठवतेस. म्हणजे माझा संशय खरा होता. मधूनमधून मलाच वाटायचं की माझंच डोकं फिरलंय. नाही फिरलं. आता मला कारण हवं. त्यात साखर घोळलेली दिसली तर हे माझं तुला शेवटचं पत्र समज.

कळावे.

तुझी सासू


२० एप्रिल

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पहिला गठ्ठा मी सरळ मनाने पाठवला होता, हे खरं आहे. त्यावर तुमचं चार पानी पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि रडू आवरेना, कारण इतक्या महिन्यांनी त्यात तुमचा आवाज होता. ठीक आहे लिहिणारी बाई माझ्या ओळखीची नव्हती आणि मला तिची भीती वाटायची. कार्ड आलं की वाटायचं, पुढचं येईल ना? यांच्यापाशी बोलले तर हे म्हणाले, आईला इकडे आणू. पण इथे येऊनही तुम्ही ठीक आहेच म्हणत राहिला असतात, फक्त आमच्या खिडकीत बसून.

तुम्हीच लिहिलंत की फाटे फोडायला बातमी नाही. बाबांच्या जागी बसून पेपर वाचायला मी तिथे नाही. मी पुस्तकं विकते. मग तुम्हाला झोंबतील अशी शोधू लागले. वाळवी मुद्दाम होती, पलंगाखालचे मुलगा-सूनही मुद्दाम. शिंप्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा मात्र मी दोनदा सोडला आणि पुन्हा बांधला. ते जास्त झालं, माझं चुकलं. पण पाकिटातून काज निघालं तेव्हा मला टाके दिसलेच नाहीत, मशीनवरचं कापड निघाल्याचं तेवढं दिसलं.

तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय. माझं मत कोणतं? माझी सगळी पत्रं काढून बघा, इकडे या असं मी एकदाही लिहिलेलं नाही. तुमचं घर तुमचं आहे. तुम्ही रागावणार, खुशाल रागवा. फक्त लिहून रागवा.

कळावे, राग असावा ही विनंती.

तुमची सून


२ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. मागच्या दोन पत्रांतले राहिलेलेही यातच धरावेत.

तुझी पत्रं काढून पाहिली. इकडे या असं खरंच कुठे नाही. कागद उजेडात धरूनही पाहिले.

तुझ्यावर रीतसर रागवायचं ठरवून मशीनवर बसले होते, तेवढ्यात औषधवाला आपला पांढरा कोट घेऊन आला. खिसा उसवलेला. म्हणाला, इतके महिने दारावरून जाताना मशीनचा आवाज येतो का ते ऐकत होतो, आज आला म्हणून आलो. मी त्या बिचाऱ्याच्या तिरक्या मानेवर काय काय आरोप केले होते! खिसा शिवून दिला, वर एक चोरखिसाही लावून दिला. त्याच्या मागून बेकरीवाली चार एप्रन टाकून गेली. तेव्हा तुझ्यावर रागवायला वेळ झालेला नाही. पण माफ केलं असंही समजू नकोस.

खरं सांगायचं तर तुझे सासरे गेल्यापासून माझ्याशी सगळे फार गोड बोलत होते. आवाज खाली, मान हलवत, हो हो. त्या गोड बोलण्याने मी आतून विझत चालले होते आणि ते कोणाला सांगावं हे मला कळत नव्हतं. तू भांडायला जागा दिलीस. तेवढी गोष्ट मी विसरणार नाही.

आता माझीही तीन पुस्तकांची शिफारस. इतिहासात फितुरांवरचं एखादं वाच. विज्ञानात कोकिळेवरचं, जी आपलं अंडं गुपचूप दुसऱ्याच्या घरट्यात ठेवते. आणि विनोदी असं शोध, की ज्यात सून मोठा बेत रचते आणि नवरा तो एका पत्रात फोडतो. नसेल तर तू लिही.

तो सदरा चिरंजीवांसाठी पोटावर सैल करून सोबत पाठवतेय. त्यांच्या बाबांचा आहे, जपून वापरायला सांग. खिशात एक जादा बटण ठेवलंय. ते त्यांच्या तोंडाला लाव, काज तुझ्याकडे आहेच.

पुढचा गठ्ठा कधी निघतोय? डोळ्यांवरचं पुस्तक मागाहून पुरं वाचलं, ते फारच मवाळ होतं. याहून झोंबणारं मिळत नसेल तर मालकांना विचार.

कळावे. संशय आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझी सासू