‘डावा’ शब्दाचं अडलेलं पान

ता. ४ जून
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दकोशातलं ‘ड’ अक्षर तपासून झालं. फक्त ‘डावा’चं पान माझ्या टेबलावर अडून बसलंय आणि छापखान्याचे मालक रोज येऊन घसा खाकरून जातात. प्रत्येक उदाहरण कोण बोललं ते कंसात द्यायचं, हा नियम तुमचाच: (आई), (शिंपी), (शेजारीण). पण ‘डावा’च्या ‘कमी प्रतीचा’ या अर्थाखाली ‘थोरलीपुढे धाकटी डावीच’ असं वाक्य आहे आणि कंसात नुसतं ‘ऐकीव’. कोण बोललं ते कळवा.

लोभ आहेच; उत्तर लवकर आलं तर टिकेलही.

तुमची धाकटी

ता. ११ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी नजर आईवर गेली आहे, तिच्याही हातून तांदळातला खडा सुटत नसे. ‘उजवा’ हा ‘ऋजु’पासून, म्हणजे सरळ. ‘डावा’ मात्र प्राकृतातल्या ‘डव्व’पाशी थांबतो, त्यामागे माग लागत नाही. ‘डावलणे’ यातूनच आलं असावं. जागा असल्यास ही टीप घालावी. ते वाक्य कोणाचं, हे स्मरत नाही. शब्दांच्या चिठ्ठ्या वीस हजार आहेत. ‘ऐकीव’ राहू द्यावं.

प्रकृतीस जप, म्हाताऱ्याला फार छळू नकोस.

बाबा

ता. १५ जून
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं एक की सांगायचं भलतंच, ही तुमची जुनी सवय. मी अगदी वैतागले आहे. दोघी मुलींनाही पुढे शिकवा, असं सांगायला मुख्याध्यापक घरी आले होते. मी पाण्याचे पेले घेऊन दाराशी उभी होते. तेव्हा तुम्हीच हे वाक्य बोललात. थोरली कॉलेजात गेली, मी इथे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आले. आणि पाहुणे जाताच तुम्ही चिठ्ठी लिहायला बसलात, कारण उदाहरण चांगलं मिळालं होतं.

वाक्य काढू नका. बोलणाऱ्याचं नाव घाला. पान सोबत धाडते. मालकांनी मला घरी बसवलं तरी त्याशिवाय ते छापायला जाणार नाही.

राग आहे, तो लपवत नाही.

तुमची धाकटी

ता. २४ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आठवडाभर पान पुढ्यात होतं. स्मरत नाही, हे मी खोटं लिहिलं. तू दाराशी होतीस, हे मात्र खरोखर माहीत नव्हतं. तोंडावर क्षमा मागणं मला या जन्मी जमायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून पानावर लिहिलं.

‘ऐकीव’ खोडून ‘कोशकार, स्वतःच्या मुलीविषयी’ असं केलं आहे. त्यापुढे ‘बोलणारा चुकला होता’ असा शेरा आहे. कोशात असे शेरे नसतात. नजरचूक समजून तो काढू नकोस.

लोभ मागायचा हक्क उरला असेल तर मागतो.

बाबा