चावी मागे राहिलेली मोटारसायकल

बाबा, अंबरनाथच्या कारखान्यात मी तुमचा डबा घेऊन यायचे, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठलं तरी चावीचं खेळणं उघडून बसलेले असायचात. उल्हासनगर कॅम्प एकमधले खेळण्यांचे शेठ ती दुरुस्तीला पाठवायचे. एकदा माझ्या हातून पत्र्याच्या बेडकाची चावी हरवली. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "चावी गेली म्हणजे खेळणं गेलं. आता हा नुसता पत्रा." त्या दिवशी मी जेवले नाही.

ते शेठ आता ऐंशीच्या पुढे आहेत. आयुष्यभर जमवलेली जुनी खेळणी त्यांनी घरात काचेच्या कपाटात मांडली आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मला पोलिसातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, कुळगावात कुंड्यांना पाणी घालत दिवस जातो. पण त्यांच्या लेखी तुमची मुलगी अजून गुन्हे शाखेतच आहे.

त्यांनी बोलावलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. पत्र्याची मोटारसायकल, कपाटातली सगळ्यांत दुर्मीळ वस्तू, नाहीशी झाली होती. चार दिवसांनी पुण्याचा एक संग्राहक सगळं कपाट विकत घेऊन जाणार होता. अकरा वर्षं घरकाम करणारी बाई, बदलापूर गावातून रोज येणारी, स्टुलावर बसली होती. तिची पिशवी जमिनीवर उलटी केली होती: पोळीचा डबा, गोळ्यांची पट्टी, छत्री. शेठच्या मुलाने चौकीत फोन केला होता, हवालदार अर्ध्या तासात येणार होता. मी आधी ती पिशवी तपासली, मग तिला प्रश्न विचारले. कोरड्या, सवयीच्या आवाजात. ती एवढंच म्हणत राहिली की मी काच पुसते, आत हात घालत नाही.

मग मी कपाटापाशी गेले. प्रत्येक खेळण्याजवळ त्याची चावी, लाल दोऱ्यात बांधलेली. मोटारसायकलची जागा रिकामी आहे आणि तिची चावी तिथेच पडली आहे. मला तुमचा तो बेडूक आठवला. विकायला नेणारा चावी सोडणार नाही. आणि शेठ रोज चाव्यांवरून ओरडतात ते अकरा वर्षं ऐकणारी बाई तर मुळीच नाही. हे मी मोठ्याने बोलले, तशा शेठाणी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग गेले. त्यांनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मोटारसायकल बाहेर काढली. त्यांचा धाकटा मुलगा आठव्या वर्षी तापाने गेला, हे मला ठाऊक होतं. ती मोटारसायकल त्याची होती, हे नव्हतं.

"चालवायची नव्हती मला," त्या म्हणाल्या. "तो आवाज आता सहन नाय होत. फक्त जवळ पाहिजे होती. शेठना बोलले असते तर ते ऐकले नसते. तू बोल ना, कपाटाच्या मागे सापडली म्हणून."

जिन्यावर बुटांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सापडली म्हटलं तर ती बाई आयुष्यभर चोर राहील. तुम्हीच सांगा." त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बेल वाजली. त्या हलेनात, आणि मला वाटलं, आता हे मलाच बोलावं लागणार. मग त्यांनी पदराने मोटारसायकल पुसली, बाहेर गेल्या आणि हवालदारासमोर, नवऱ्यासमोर म्हणाल्या, "मी घेतली. हिने नाय." शेठ खाली बसले आणि मुलाला म्हणाले, पुण्याला फोन करून सांग, ही मोटारसायकल देणार नाही.

बाईने जमिनीवरचं सामान एकेक करून पिशवीत भरलं. शेठाणींनी हात जोडले, तिने पाहिलं नाही. दारात मला म्हणाली, "तुम्ही पण आधी माझीच पिशवी बघितली, मॅडम." शेठनी दोनदा निरोप पाठवला, पण ती पुन्हा त्या घरी गेली नाही.

बदलापूर गावात तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोन वेळा जाऊन आले. दोन्ही वेळा भाजी घेऊन परतले. खरं म्हणजे हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्ही आता उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.