वरून घेतलेला पंखा

बाबा,

होई आनच्या बाजारातून मी वरून म्हणून, भाव झाल्यावर फुकटात, आणलेल्या पंख्याचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी दिले गेले होते. ते तुमच्या नातीनं, माझ्या मुलीनं, दिले. बातमी पक्की आहे. काल सकाळी चहा गाळता गाळता तुमच्या सुनेनं ती सांगितली, आणि पैसे देताना ती स्वतः तिथं उभी होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या वेळी हॉटेलच्या खोलीत पाय वर करून पडलो होतो आणि आपण आज बाबांचं नाव राखलं, असं मनात म्हणत होतो.

होई आन कुठं आहे हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ते व्हिएतनाममध्ये आहे. व्हिएतनाम म्हटलं की तुम्हाला रेडिओवरच्या लढाईच्या बातम्या आठवतील. आता तिथं यवतमाळातले डॉक्टर, मास्तर, कापडवाले हिवाळ्यात घोळक्यानं फिरायला जातात आणि परत येऊन एकमेकांना फोटो दाखवतात. तुमची सगळ्यात लांबची मजल तिरुपतीची, आणि तीही दिग्रसच्या बाजारातल्या दोन अडत्यांनी जबरदस्तीनं नेलं म्हणून. आम्हाला नातीनं नेलं. ती पुण्यात नोकरी करते, तिकिटं तिनं काढली, हॉटेलं तिनं ठरवली. मी पेपरातून निवृत्त झालो त्याची ती भेट होती. मला फक्त पासपोर्ट सांभाळायचा होता आणि, तिच्या शब्दांत, ‘उगाच कुणाशी वाद घालायचा नव्हता.’

वाद मी घातला नाही. पण पहिल्या दिवसापासून तिथलं देण्याघेण्याचं गणित मला लागेना. नोटांवर शून्यं इतकी की साधा चहा घेतला तरी आपण शेत विकत घेतोय असं वाटावं. एका गल्लीत ठेंगण्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून आम्ही भाज्या घातलेलं गरम सूप प्यायलो. बाई आमच्याच वयाची, एकटीच सगळं बघत होती. मी उठताना एक नोट वाडग्याखाली ठेवली. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीत ठेवतात तशी, तुम्ही मात्र कधी ठेवत नव्हता. दोन वळणं पुढं गेलो असू, तर ती बाई धापा टाकत मागून आली आणि नोट माझ्या हातात कोंबून गेली. तिला वाटलं मी विसरलो. मी पुन्हा देऊ केली तर तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. नात म्हणाली, “पप्पा, असू द्या, छोट्या ठिकाणी इथं टिप देत नाहीत.” दुसऱ्या दिवशी नारळाच्या झाडांमधल्या खाडीत आम्ही बांबूच्या गोल टोपलीसारख्या होडीत बसलो. वल्हवणाऱ्या बाईनं टोपली गरगर फिरवून दाखवली, गाणं म्हटलं, गवताची अंगठी करून तुमच्या सुनेच्या बोटात घातली. मी आदल्या दिवसाचा धडा आठवून नुसते हात जोडले. ती उतरूच देईना. “टिप, टिप,” म्हणत तिनं दोन बोटं दाखवली. मी एक नोट दिली, तिनं ती उलटसुलट पाहिली आणि दोन बोटं तशीच ठेवली. शेवटी नातीनं दुसरी दिली. काल जी गोष्ट दिली म्हणून परत आली, तीच आज दिली नाही म्हणून मागितली गेली. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं असतं का, असं मी नातीला विचारलं. ती म्हणाली, “इंटरनेटवर आहे, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.”

म्हणून तिसऱ्या दिवशी बाजारात शिरलो तेव्हा मला हायसं वाटलं. हे मला येत होतं. रेशमी स्टोलचं दुकान, म्हणजे फळीवर मांडलेला माल आणि मागं स्टुलावर बसलेली एक बाई. मी कापड चिमटीत धरून चोळलं. रेशीम नव्हतं, भेसळ होती, पण वीण चांगली होती. चार हवे होते. मी बोटानं चार दाखवले, तिनं कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला आणि माझ्यासमोर धरला. मी तो पुसला, माझा टाकला आणि परत दिला. ती छातीवर हात ठेवून मागं झुकली. मग तिचा आकडा, मग माझा. तोंडानं कुणी एक शब्द बोलत नव्हतं. बाबा, मला दिग्रसच्या कापूस यार्डातला तुमचा रुमाल आठवला. तुम्ही जिनिंगसाठी कापूस घ्यायचा, शेतकऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि वर दोघंही पावसापाण्याचं बोलायचे. खाली बोटं भाव करायची. शेजारच्याला काही कळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या बाजूला उभा राहून फक्त चेहऱ्यांकडे बघायचो आणि सौदा कुठल्या क्षणी झाला हे ओळखायचा प्रयत्न करायचो. त्या बाईच्या चेहऱ्यावरून मी तो क्षण ओळखला. मी वळलो, चार पावलं गेलो, तिनं हाक मारली, मी परत आलो. तिनं मागितलेल्याच्या निम्म्याहून थोडं वर जमलं. नात तोवर रस्त्यापलीकडच्या दुकानात तोंड फिरवून उभी होती, भाव जमल्यावर इकडे आली.

पैसे दिले. बाईनं स्टोल पिशवीत घातले. आणि मी फळीच्या कडेला पडलेला एक घडीचा पंखा उचलला, बांबूच्या काड्यांचा, त्यावर दोन मासे काढलेले. “आन् हा वरतून, माय,” असं आपल्या मराठीत म्हणून तो पिशवीत टाकला. ती काहीतरी बोलली. शेजारच्या दुकानातल्या दोघी हसल्या. मीही हसलो आणि निघालो. तुमची सून माझ्या मागं होती. तिला वाटलं, तो पंखा ठरलेल्यातच असेल.

परत आल्यावर हे मी फिरायला जाणाऱ्या मंडळींना सांगितलं, लग्नघरांत सांगितलं, आणि शेवटी माझ्या रविवारच्या सदरात लिहिलं. निवृत्तीनंतरही ते सदर चालू आहे. दर गुरुवारी मजकूर द्यायचा असतो आणि त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नव्हतं. कॅल्क्युलेटर आणि रुमाल, असा तो लेख होता. वरून हा शब्द आपल्याकडे पैशाच्या पलीकडचा आहे, भाव झाल्यावर विकणारा जे आपणहून घालतो त्यानं दोन अनोळखी माणसं सोयरी होतात, असं त्यात लिहिलं होतं. दिग्रसहून तुमच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाचा फोन आला, “वा भाऊ, बापाचा पोरगा शोभला!” मला फार बरं वाटलं. नातीनं तो लेख मोबाइलवर वाचला आणि मला नाही, आईला फोन केला.

“आता तुम्ही ते पेपरात छापून आणसान, हे मले काय माहीत?” तुमची सून म्हणाली. “तवाच सांगतलं असतं त तुमचं तोंड उतरलं असतं. इतक्या खुशीत होते तुम्ही.”

“पण तिनं पैसे काहून दिले? तो त पंखा वरून होता.”

“कोणाच्या वरून? त्या बाईले मराठी येते का?”

“ती हसली ना.”

“बाजूच्या हसल्या. ती नाही हसली.” तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. “पोरगी म्हणे, आई, पप्पांनी उचलला तो. माह्यासमोर उचलला. आन् रडली रस्त्यात. मी म्हटलं, बाई, आपल्याकडं असंच करतात. त म्हणे, मग आपल्याकडंही चुकतंच असन.”

मी विचारलं, ती बाई पैसे घेताना काय म्हणाली. तुमच्या सुनेनं आठवून आठवून सांगितलं, पण त्यातून मला काही कळलं नाही. बाईनं आधी हात हलवून नको म्हटलं. नातीनं पुन्हा दिले तेव्हा घेतले, मोजले, आणि थोडे परत केले. का परत केले ते माहीत नाही. पंखा तितक्याचाच होता म्हणून, की पोरीला रडवेली पाहून, की तिकडेही भाव कमी करण्याची काही रीत आहे म्हणून. म्हणजे माझ्याबद्दल तिचं काय मत झालं हे मी आता कुणालाच विचारू शकत नाही. नातीचं काय मत झालं ते कळलं आहे, पण तिनं ते मला सांगितलेलं नाही. तीन महिने ती माझ्याशी रोज फोनवर बोलते आहे.

कालपासून मी तुमच्याकडे वळतो आहे, कारण हे तुमच्याकडून आलं असं मी छापून बसलो आहे. आणि आठवायला बसलो तर तुम्ही दोन निघता. एक दिग्रसचा आठवडी बाजार आहे. मी आठेक वर्षांचा. तुम्ही एका म्हातारीपुढे उकिडवे बसलेले आहात.

“काय वं माय, मेथी विकाले आणली का दाखवाले?”

“तुमच्यासारखे गिऱ्हाईक असन त दाखवालेच आणा लागते, बापा.”

अशी पाच मिनिटं चालतात. मग भाव होतो, ती दोन काड्या कोथिंबीर आणि चार मिरच्या आपल्या हातानं तुमच्या पिशवीत घालते. मला वाटतं, हे आता असंच असतं, आणि मी तिच्या टोपलीतला एक पेरू उचलतो. तुम्ही माझ्या मनगटावर मारता. जोरात मारता. “तिनं देल्लं त घ्या. तू कायले उचलून राह्यला?” म्हातारी म्हणते, “राहू द्या ना, लेकरू हाय.” तुम्ही म्हणता, “म्हणूनच.” पेरू परत जातो.

हे मला काल आठवलं, लेख छापून आल्यावर. लिहिताना का आठवलं नाही, ते सांगता येत नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंही आलं. तोच हिवाळा की पुढचा, ते नक्की नाही. यार्डात कापसाच्या बैलबंडीजवळ रुमालाखालचा सौदा झाला आहे, तुम्ही रुमाल झटकून खांद्यावर टाकला आहे. बंडीत कापसाच्या बाजूला ओल्या हरभऱ्याच्या दोन पेंड्या पडल्या आहेत. तुम्ही त्यातली एक उचलता आणि माझ्या हातात देता. शेतकरी हसतो, “न्या न्या शेठ, घरचंच आहे.” त्याची बायको बंडीच्या दांडीवर बसली आहे. ती दुसरीकडे बघते. संध्याकाळी आपण अंगणात त्या हरभऱ्याचा हुळा भाजला, आई मीठ घेऊन आली, तुम्ही काळ्या झालेल्या बोटांनी माझ्या नाकाला हात लावला. माझ्या लहानपणाच्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस मोजत आलो आहे.

त्या माणसाचा कापूस त्या दिवशी तुम्ही घेणार होता. तो हसला नसता तर काय करणार होता? की खरंच आनंदानं हसला होता आणि मी आता, नातीच्या नजरेनं, त्याच्या बायकोची मान वळवतो आहे? चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या. दोन्ही बाजू घ्यायच्या, ज्यानं पाहिलं त्याला विचारायचं, हे अंगात आहे. इथं पाहणारा मीच आहे आणि माझ्या सांगण्यावर मी छापायला तयार होणार नाही. तुम्ही म्हातारीच्या टोपलीला एक नियम लावत होता आणि बंडीला दुसरा, की मी तुमच्यावर तसं लादतो आहे, हे एकदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही असताना मला हे विचारावंसं कधी वाटलं नाही. यार्डातला रुमालही केव्हाच गेला, आता भाव मोठ्यानं पुकारतात.

गुरुवार परवा आहे. चूक छापली की दुरुस्ती छापायची, हे मीच नव्या पोरांना शिकवलं. कुणाचा फोटो चुकला, कुणाच्या गावाचं नाव चुकलं, तर आतल्या पानावर चार ओळी द्यायच्या. इथं चार ओळींत काय देणार? पंखा वरून नव्हता, विकत घेतलेला होता, हे आता खरंच आहे. पण ते लिहिलं तर विकत कुणी घेतला हेही लिहावं लागेल, आणि मग तुमचंही नाव येईल. सकाळपासून तीन वेळा कागद घेतला आणि प्रत्येक वेळी सदराऐवजी हे पत्र पुढं सरकलं. हे कुठं पाठवायचं नाही. लिहून झालं की टेबलाच्या खणात जाईल.

तुमची सून म्हणते, पोरीला काही बोलू नका, ती विसरून जाईल. ती शुक्रवारी सकाळी पुण्याच्या गाडीनं येते आहे, चार दिवस राहील. स्टँडवर घ्यायला मी जाणार, स्कूटरवर. घरापर्यंत दहा मिनिटं लागतात, ती मागं बसलेली असते, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.

जे लेखात लिहिलं नाही आणि तुमच्या सुनेलाही सांगितलं नाही ते असं, की मी पंखा पिशवीत टाकला तेव्हा त्या बाईचा हात पुढं आला होता. पंख्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. मी तो पाहिला होता. शुक्रवारी त्या दहा मिनिटांत नातीला एवढंच सांगायचं आहे. पुढचं बहुधा ती बोलेल.