वाळूवरची गाडी

१९ एप्रिल, रविवार

रूपाताई हो म्हणाल्या! फोनवर दोनदा विचारून घेतलं. "अगं येते म्हटलं ना, द्रोणागिरी काय लंडनला हाय का?" हरेशची मोठी बहीण, द्रोणागिरीला दिलेली. एक ते तीन मे त्यांनी इथे दादांजवळ राहायचं आणि आम्ही तिघांनी नागावला जायचं. तिघांनी! चार वर्षं झाली, दर मे महिन्यात बाप-लेक समुद्रावर जातात आणि मी सासऱ्यांना घेऊन करंजाड्यात बसते. दादांची एक बाजू लुळी पडली तेव्हापासून. नागाव इथून दोन तासांवर. लोक दुबईला जाऊन येतात.

पूर्वीने फ्रिजवर यादी चिकटवली आहे. बनाना राईड. घोडागाडी. शिंपले. वाळूचा किल्ला. शहाळं (दोन). आणि सगळ्यात खाली – आईला पाण्यात नेणे. अकरा वर्षांची आहे, मला नेणार म्हणे!

२१ एप्रिल

दादांची चादर आज दोनदा बदलली. पाठ गेली कामातून. झोपते.

२३ एप्रिल, गुरुवार

"तिथी कंची?" सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न. चहाच्याही आधी. कॅलेंडर बघून सांगितलं, सप्तमी. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. अकरा वाजता पुन्हा. शेवटी ओरडले – "सप्तमी! पाटीवर लिहून गळ्यात बांधू का?" त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग मलाच कसंतरी झालं.

त्यांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं. बांधाची उघाडी – म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायचं दार – ती त्यांच्या हातात असायची. घड्याळ नव्हतं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. लग्न होऊन आले तेव्हा मला हौसेने शिकवलं होतं. मिठागराच्या जागी आता कंटेनर उभे आहेत. पण दादा आजही चांगल्या हाताची बोटं मोजतात आणि छताला सांगतात, "सवापाचला भरंल."

भरू दे. आपल्याला काय त्याचं.

२६ एप्रिल, रविवार

पनवेलच्या बाजारात जाऊन पाण्यात घालायचा टी-शर्ट आणलाच. निळा, लांब बाह्यांचा. बाथरूमची कडी लावून घालून बघितला. बाई, बाई! पोट आत ओढून उभी राहिले, मग सोडून दिलं. तिथे कोण ओळखतंय मला.

हरेश खाली दोन तास गाडी धूत होता. नवी आहे, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नाही. पाठीला जरा बाम चोळ म्हटलं तर "आलो, आलो." गाडीला मात्र मेण लावून झालं. दोन हात.

२८ एप्रिल

रूपाताईंचा फोन. गावदेवीची पालखी एक तारखेला आहे. "मी इसरलेच गं माधुरी. पालखी दारात येनार आनि घराला कुलूप? माझी सासू जीव घेईल." खरं आहे. देवीला कोण नाही म्हणणार? मीही म्हटलं, असू द्या ताई. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. वर्षभर वाट बघितली हो! फक्त तीन दिवस मागत होते.

२९ एप्रिल

हरेश म्हणाला, "आता कॅन्सल कसं करायचं? प्रदीपची फॅमिलीपण येतेय. पुढच्या वर्षी नक्की." प्रदीप म्हणजे त्याचा मित्र. मग बूट घालता घालता, "तसंही तुला ऊन सोसत नाही." कोणी सांगितलं याला? मी? कधी?

पूर्वी अर्धा मिनिट म्हणाली, मग मीपण नाही जात. नंतर फूटपट्टी घेऊन आली आणि यादीतली शेवटची ओळ नीट, सरळ रेघ मारून खोडली. ती रेघ बघवत नाही.

३० एप्रिल, गुरुवार

दिवसभर बॅगा भरल्या. टॉवेल, सनस्क्रीन, ओल्या कपड्यांना पिशवी, उलटीच्या गोळ्या. पूर्वीला गाडी लागते. निळा टी-शर्ट कपाटात खाली टाकला.

दुपारी दादांना पेज भरवत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट! एवढी ताकद अजून आहे. "उद्या पुनव हाय. सकाळला पानी लांब जाईल, वाळू मोकली दिसंल. त्याला सांग, गारी खाली नको नेऊ. बाराच्या आत उधान येतंय." पेज गळत होती हनुवटीवरून, पण शब्द एकूणएक समजला. इतकं सलग ते वर्षभरात बोलले नसतील. मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी हरेश आला तो हवा भरून, टाकी फुल करून, शीळ घालत. "माधुरी, पहाटेला डबा देशील ना? पुऱ्या कर. थंडपण चालतात." चार वर्षं मागे राहणाऱ्या बाईला पुऱ्या कर!

मी सांगितलं नाही. विसरले नाही हं. त्याच्यासमोर उभी होते, तोंडाशी आलं होतं. म्हटलं, कशाला? हसेलच तो. आणि नाही हसला तरी कशाला. होऊ दे ओली याची लाडकी.

लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

१ मे, शुक्रवार

चारला निघाले. साडेतीनला पुऱ्या तळल्या. पूर्वी झोपेतच गाडीत जाऊन पडली, टाटासुद्धा केला नाही.

सहा वाजता दादा – "तिथी कंची?"

"पौर्णिमा."

"सांगितलंस त्याला?"

"हो."

डोळे मिटून पडले. बरं वाटलेलं दिसलं त्यांना.

आठला हरेशचा फोटो आला. रूमचा ताबा बाराला मिळणार, तोवर सामानासकट सगळे थेट समुद्रावर. वाळू केवढी पसरलेली! पाणी कुठल्या कुठे. आणि मधोमध ओल्या वाळूवर ती पांढरी गाडी, बाजूला हरेश गॉगल लावून. मागे प्रदीपभाऊजी आणि त्यांची मुलं लाइफ जॅकेट घालून. पूर्वी दिसली नाही, घोडागाडीत असेल. खाली लिहिलं होतं, "मिस यू."

मिस यू! फोन चार्जिंगला लावला आणि दादांची अंघोळ उरकली.

साडेदहाला फोन वाजला. हरेशचा आवाज ओळखू येईना. गाडी रुतली. पाणी बॉनेटवर. ट्रॅक्टर बोलावलाय, दोर तुटला. "सगळे बरे आहात ना?" विचारलं. "हो, हो. सगळे बरे."

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. एकटीच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, पदर तोंडात कोंबून! किती दिवसांनी हसले. नवं प्लास्टिक! मेण! मग राहिलेल्या पुऱ्या श्रीखंडाबरोबर बसून खाल्ल्या. पाच.

२ मे, शनिवार

आले परत. प्रदीपभाऊजींच्या गाडीत दाटीवाटीने. बनाना राईड, किल्ला, पूर्वीचं सगळंच राहिलं. बॅगांना खाऱ्या पाण्याचा वास. तीन मशीन कपडे. म्हणजे काम शेवटी माझंच वाढलं!

हरेश सोफ्यावर बसला तो बसलाच. दादांनी पलंगावरून विचारलं, गारी? त्याने मान हलवली. दादांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तो त्यांना पाणी द्यायला गेला तर त्यांनी भांडं ढकललं. पाणी चादरीवर. मी येऊन दिलं तेव्हा प्यायले.

खोटं कशाला सांगू, तेही मला आवडलं.

पूर्वीच्या कोपराला पट्टी आहे. म्हणते शिंपला लागला. यादी स्वतःच काढून टाकली फ्रिजवरून.

३ मे

दमले. पूर्वी बाथरूमचं दार लावून घेत नाही, मला बाहेर उभं करते. एवढी घोडी झाली, आता हे नवीन! हरेश तिला ओरडतही नाही. जेवतही नाही धड. एका गाडीचं एवढं दुःख?

दुपारी म्हटलं, जाऊ दे रे, गाडीच होती. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग उठून गच्चीत गेला.

४ मे, सोमवार

दादांनी आज तिथी विचारली नाही. हरेशने दाढी करून देतो म्हटलं, तर चांगल्या हाताने चेहरा झाकून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलेलं आयकला नाय त्यानं." मी चादर झटकत राहिले. हरेश म्हणाला, "काय सांगितलेलं?" मी म्हटलं, अरे, बोलतात ते असंच काहीतरी.

५ मे

केस विंचरताना पूर्वीने सांगितलं. ती गाडीतच होती. उलट्या झाल्या म्हणून मागच्या सीटवर झोपली होती, पप्पाने काच चार बोटं खाली ठेवली आणि बनाना राईडला गेला. जाग आली ती पायाला पाणी लागलं म्हणून. दार उघडेना. घोडागाडीवाल्याने दगडाने काच फोडून तिला ओढून काढलं. "पप्पा खूप रडला गं. म्हणाला, आईला सांगू नको, ती मला कधी माफ करणार नाही."

वेणी घातली. रिबिन बांधली. सुटली म्हणून पुन्हा बांधली.

दादा अजून हरेशच्या हातचं पाणी घेत नाहीत.