प्रार्थनेचं कार्टून

बाबा, रविवारी दुपारी लेकीसोबत मी एक कार्टून पाहिलं आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. लहान मुलांचं नव्हे. मोठ्यांसाठी काढलेलं, परदेशातलं, हिंदीत बोलणारं. त्यात दोन शेजारी एकाच वेळी देवाला हात जोडतात. एकाला बागेसाठी पाऊस हवा असतो, दुसऱ्याला पोरीच्या लग्नासाठी ऊन. देव दोघांचंही ऐकतो. कुंपणाच्या अलीकडे धो धो पाऊस, पलीकडे कडक ऊन आणि कुंपणावर बसलेलं मांजर अर्धंच ओलं. मग सगळं गावच मागायला लागतं. कोणाला डोक्यावर केस हवेत, कोणाला शेजाऱ्याहून मोठी गाडी. शेवटी देव वैतागून खिडकी लावून घेतो आणि बाहेर पाटी अडकवतो, जेवणाची सुट्टी. मी पोट धरून हसले. तुम्हीही हसला असता. पण गर्दी पांगल्यावर त्या दोघांतल्या एका शेजाऱ्याची धाकटी मुलगी खिडकीखाली तशीच उभी राहते. तिला तिचा मेलेला कुत्रा परत हवा असतो. मागे हसण्याचा आवाज तिथंही वाजतो. मला मात्र हसू आलं नाही.

मला जरीपटका वस्तीतलं आपलं घर दिसायला लागलं. मी सातवीत होते. आईच्या किडन्या बिघडल्या होत्या आणि ती दवाखान्यात होती. रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटलात की तुम्ही तिच्याकडे जायचात, मग घरी येऊन भात टाकायचात. रोज संध्याकाळी आपण बुद्धवंदना म्हणायचो. एकदा मी त्यात पास होण्याचं मागितलं, तर तुम्ही हसून म्हणालात की वंदना म्हणजे मागणं नाही, आपल्यात कोणाकडे काही मागत नसतात. पुढे एका संध्याकाळी मात्र तुम्ही पायातले बूट न काढताच स्वयंपाकघरात आलात आणि भिंतीला टेकून खाली बसलात. मी पीठ मळतेय. तुम्ही बराच वेळ माझ्या हातांकडे पाहताय. मग म्हणालात, "तू काही म्हण वं. मले म्हणता येऊन नाही राहिलं."

मला त्रिशरणच पाठ होतं. पिठाच्या हातांनी मी ते म्हटलं आणि शेवटी आपल्या मनाचं जोडलं, आईले घरी येऊ दे. तुम्ही ऐकलं होतं. मला टोकलं नाही.

त्याच आठवड्यात आई गेली. पाहुणे परतले, शाळा सुरू झाली आणि माझी वेणी घालायचं काम तुमच्याकडे आलं. तुम्हाला ती कधीच जमली नाही. शाळेत पोचेपर्यंत सुटायची. एका सकाळी वेणी घालून घेताना मी विचारलं, माझं म्हणताना काही चुकलं काय? तुमचा हात केसांतच थांबला. मागे बसला होतात, तुमचा चेहरा मला दिसला नाही.

"चुकलं नाही वं," तुम्ही म्हणालात. "वर ऐकणारं कोणी नाही. पण मी ऐकलं ना."

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा लेक पोटात होती. तिला हे सगळं रविवारी पहिल्यांदा सांगितलं. कार्टून बंद करून ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आई, तू नंतर कधी काही मागितलं काय?" मी नाही म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

ते खरं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तिला डेंगू झाला. हुडकेश्वरच्या आमच्या आताच्या घरून तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला मानही धरवत नव्हती. प्लेटलेट उतरत होत्या आणि डॉक्टर माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. बाहेरच्या बाकावर माझे हात आपोआप जोडले गेले. ती वाचली ती सलाईननं आणि त्या डॉक्टरांमुळे, हे मला ठाऊक आहे. तुमची पोर आहे मी.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. बाबा, त्या बाकावर बसून मी मागितलं, आणि मागितलं ते तुमच्याकडेच.