गॅरेजातलं मतदान आणि ऑरिनचा पॅरोल

चि. ऑरिन यास वेंडेलदादाचे अनेक आशीर्वाद.

(हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांनाही नमस्कार, त्यांच्या घरी सगळं क्षेम असो.) तुझी पाठ कशी आहे? आमचं बरं आहे. म्हणजे तुझ्या लोरेटावहिनीचे गुडघे दुखतात, आणि त्याबद्दल आम्ही रोज ऐकतो.

गेल्या नोव्हेंबरातल्या मतदानाची हकिकत लोरेटाने तुला फोनवर अर्धीच सांगितली. तुला ठाऊक आहेच, अठरा वर्षं फ्रेस्नोच्या या गल्लीतलं मतदान आपल्या गॅरेजात होतं. लोकशाही माझ्या गवत कापायच्या यंत्राशेजारी उभी राहते, याचा मला केवढा अभिमान! या वेळी पॅरोलचा, म्हणजे कैद्यांना मुदतीआधी घरी सोडण्याचा, प्रस्ताव होता. ज्यांनी कुणाला इजा केली नाही आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगून झाल्यावर वर चढवलेली जादा वर्षं काढताहेत, त्यांच्या सुटकेचा पॅरोल मंडळाने विचार करावा. शिवाय सोळा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या कोर्टात उभं करायचं का, हे सरकारी वकिलाने नव्हे, न्यायाधीशाने ठरवावं. पहिल्या कलमात तू बसतोस. दुसऱ्यातही बसला असतास, पण तू सोळाचा असताना त्या जुन्या प्रकरणात तुला मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं, तेव्हा हे शहाणपण कुणाला सुचलं नव्हतं; आताच्या शिक्षेवर जादा वर्षं चढली ती त्यामुळेच.

समोरच्या बर्डिकबाईंनी अंगणात ‘नाही’च्या सात पाट्या रोवल्या. (एक पुरली असती, पण दुष्काळात मेलेलं गवतही झाकायचं होतं.) “वेंडेल, सोळाव्या वर्षी पोरांना सगळं कळतं,” म्हणाल्या. त्यांचा बेचाळीस वर्षांचा लेक अजून त्यांच्याकडून कपडे धुवून घेतो, हे मी बोललो नाही. मी फक्त मोजायचा टेप आणला. मतदानाच्या जागेपासून शंभर फुटांत प्रचार चालत नाही, आणि पाट्या निघाल्या ब्याण्णव फुटांवर! मतदानाच्या अधिकारीबाईंना मी स्वतः बोलावून आणलं. त्यांनी पाट्या काढायला लावल्या आणि मग वळून आपल्या गॅरेजात पाहिलं. आत मतपेटीच्या बरोबर वर लोरेटाने रंगवलेलं भलंमोठं कापड: ‘ऑरिन, घरी ये.’

“हा प्रचार आहे.”

“अहो, हा माझा दीर आहे!” लोरेटा म्हणाली.

शेवटी कापडावर आपली फुलाफुलांची चादर टांगली. मग दिवसभर जो येईल तो विचारी, चादरीमागे काय आहे? आणि लोरेटा प्रत्येकाला सविस्तर सांगे. बर्डिकबाईंनाही सांगितलं. संध्याकाळी त्या भोपळ्याचा केक देऊन गेल्या. तो खालून करपलेला होता, त्यामुळे त्यांचं मत कुठे पडलं याचा अंदाज आला नाही. प्रस्ताव मात्र मंजूर झाला.

तुझा,
वेंडेलदादा

ता. क. : मंडळाने माझ्याकडून दोन पत्रं मागवली आहेत. एक घरच्या माणसाचं: सुटल्यावर तुला राहायला जागा आहे का? दुसरं, ज्याचा ट्रक तू पळवलास त्याचं: त्याची हरकत आहे का? दोघेही मीच. घरच्याने लगेच लिहिलं, जागा आहे. ट्रकवाला दोन दिवस फुगून बसला, मग त्यानेही ‘हरकत नाही’ लिहून टाकलं.

आणखी एक : ‘कुणीतरी तुला पाहिलं’ असं सहा वर्षं सांगत आलो, ते खोटं. पोलिसांना तुझं नाव मीच दिलं. वाटलं, महिनाभर ठेवतील, अक्कल येईल. अकरा वर्षं ठोकतील हे कळलं असतं, तर किल्ली तुझ्या हातात देऊन वर टाकी भरून दिली असती. चुकलो रे. मला शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून देऊ नकोस, साहेब वाचतात. घरी येऊन दे.