माकुळाच्या नसेतली फाटकं

केप कॉड, ऑगस्ट

लाडक्या आईला, समुद्राच्या या काठावरून पोटभर पापे.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, काळजी नको. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत हातात लिबलिबीत, दहा हातांचं माकूळ आलं आणि बाबांच्या होडीवरच्या सवयीने मी त्याचे कचाकचा तुकडे करून मोकळी झाले! आमच्या बाई ओरडल्या, "अगं एफी, गळाला लावायचंय का? त्याची नस अख्खी हवीय आपल्याला!" बाबांना सांग, हसून लोळतील.

त्या नसेत, म्हणजे शरीरात संदेश नेणाऱ्या मज्जातंतूत, विजेच्या हलक्या धक्क्याने उघडणारी बारीक फाटकं असतात. अगदी आपल्या मेंढ्यांच्या फाटकासारखी: ढकललं की उघडतात, लगेच आपोआप कडी पडते. माणसाच्या हृदयातही अशीच असतात. तुझी कडी अधूनमधून नीट पडत नाही, म्हणून ती धडधड.

काल आम्ही नसेवर तुझ्या गोळीतलंच औषध सोडलं. आई, त्याने फाटकांना कडी घातली आणि नसेतली वीज दाखवणाऱ्या यंत्रावरची उड्या मारणारी रेघ शहाण्या मुलीसारखी गप्प बसली! मी टाळ्याच पिटल्या. उरलेलं माकूळ आम्ही तळून खाल्लं.

झोप लागते ना तुला? धाकटा सायलस म्हणतो, गोळ्या तू जॅमच्या बरणीमागे लपवतेस. "त्या गोळीने काय होतंय?" असं विचारतेस म्हणे. काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तुझीच माकूळकापी,
एफी